दुधातली मुळी

आत्याबाई,

मी शतावरी लावली आहे. घराच्या मागच्या भिंतीला लागून, मोरीचं पाणी जिरतं तिथे. पहिल्या वर्षी नुसत्या काड्या वर आल्या, कामवालीनं कचरा समजून उपटायला घेतल्या होत्या. यंदा वेल कठड्यापर्यंत चढला. पान म्हणावं असं त्याला काही नसतं, शेपूसारखा बारीक हिरवा पिसारा आणि आत लपलेले काटे. पाऊस ओसरला की पांढरी फुलं येतात आणि त्यांना वास असतो. तुमच्या परसातल्या वेलालाही तो असणार, पण मला आठवत नाही. त्या दिवसांत मी दुधाचा वास घेत होते, तुमच्या हातांचा घेत होते, फुलांकडे माझं नाक वळलंच नाही.

इतकी वर्षं वर्तमानपत्रात परसातल्या औषधांवर लिहिते. अडुळसा झाला, वेखंड झालं, गुळवेल तर वाचकांच्या आग्रहानं पुन्हा पुन्हा झाली. ठरल्या वारी मजकूर देणारी बाई म्हणून कचेरीत माझं नाव आहे. फक्त शतावरी राहिली. संपादक बदलले, प्रत्येकानं विचारलं, आणि प्रत्येकाला मी पुढच्या महिन्यात देते म्हणाले. या आठवड्यात लिहायला बसले तर पहिला शब्द तुमचं संबोधन निघाला. लग्नात मला सांगितलं होतं, सासूला आत्याबाई म्हणायचं. रक्तानं तुम्ही माझ्या कोणी नव्हता. तुम्हाला जाऊनही आता फार काळ लोटला. तरी बातमीत किंवा लेखात लिहिता येणार नाही असं काही असलं की ते कोणाला तरी उद्देशूनच लिहावं लागतं, हे या धंद्यात शिकले.

तुमचं परस मला डोळे मिटून दिसतं. झरीच्या वाटेवरचं आपलं गाव, गावाच्या कडेला घर, मागे विहीर. मोटेचं पाणी पाटातून वाफ्यांकडे जायचं आणि पाटाच्या कडेला, तुरीच्या काड्यांच्या ताटीवर तो वेल. मी परभणीहून, मास्तरांच्या घरून आले होते. आमच्याकडे औषध म्हणजे बाटली आणि बाटलीवर चिठ्ठी. तुमच्याकडे उलटं. औषधाचं नाव घेणाऱ्याला सांगायचं नाही, सांगितलं की गुण जातो. मुळी काढायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही वेलापाशी हळदकुंकू आणि चिमूटभर तांदूळ ठेवायचात, आणि शेजारणीला आवतण द्यावं तसं म्हणायचात, "उद्या येते न्यायला." सकाळी कोणाशी न बोलता खुरप्यानं माती सैल करून मुळ्यांचा झुबका वर काढायचात. बोटांसारख्या पांढऱ्या, गुबगुबीत मुळ्या. त्या वाफवून सोलायच्या, मधली दोरी ओढून काढायची, सावलीत वाळवून कुटायचं. दूध कमी पडणाऱ्या बायका यायच्या, छातीत जळजळ होणाऱ्या यायच्या, अंगावरून जाणं थांबत नाही म्हणून हळूच सांगणाऱ्या यायच्या. एकदा तर कोणी म्हैस व्याली म्हणून घेऊन गेलं. पुडी पदराच्या टोकाला बांधायची आणि काय आहे ते न विचारता जायचं. मला हे पटत नसे. नाव नसलेली वस्तू पोटात घ्यायची आणि देणाऱ्यावर भरवसा ठेवायचा, एवढा भरवसा लोकांना कुठून येतो, असं वाटायचं.

आणि भरवशाचे दिवस नव्हतेच. दिवाळीनंतर तुमचा मुलगा घर सोडून वऱ्हाडाच्या हद्दीत, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पात गेला. निजामाच्या राज्यात फरार माणसाचं घर म्हणजे सगळ्या गावाचं बघायचं ठिकाण. नाक्यावरचा जमादार चार शिपाई घेऊन यायचा, कणग्या उपसायचा, गोठ्यात कडब्याच्या पेंढ्या काठीनं भोसकायचा. "अम्मा, सच बोलो. लडका कां है?" तुम्ही चुलीपुढून उठतसुद्धा नव्हता. "आमचं मांजर बी फरार हाय, मालक. लेक सापडला तर सांगा, मांजर सापडलं तर आनून द्या." शिपाई हसायचे, जमादारही ओठ दाबायचा, पण जाताना दाराबाहेर थांबून शेजाऱ्यांना काहीतरी विचारायचाच. कोण सांगतंय आणि कोण नाही, हे कळायला मार्ग नव्हता. पाणी शेंदताना बायका एकमेकींना भाजी काय केली ते विचारायच्या, तेवढ्यातही मला वाटायचं, ही दोन माणसांची भाजी की तीन माणसांची, ते बघतेय.

शाळू हुरड्याला आला तेव्हा तुम्ही मला मळ्यात राखणीला धाडू लागलात. मचाणावर बसायचं, गोफणीनं पाखरं उठवायची. कणसं माझ्या डोक्याच्या वर गेलेली, आत बैल शिरला तरी दिसू नये अशी. एक दिवस भर दुपारी तुमचा मुलगा त्या शाळवातून निघाला. दाढी वाढलेली, अंगात कोणाचा तरी सदरा. उन्हं कलेपर्यंत थांबला. जाताना म्हणाला, "मायला बी सांगू नको. तिला ठाव नसलं तर तिच्याकडनं कोनी काढून घेनार न्हाई." मी मान हलवली. घरी आले तेव्हा तुम्ही विचारलंत, पाखरं फार होती का. होती, म्हणाले. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघितलंत आणि भाकरी थापायला लागलात. त्या बघण्यावरून मी ठरवलं की तुम्हाला सगळं ठाऊक आहे. राखणीला एकटीला धाडणाऱ्या तुम्हीच होतात. मायलेकांनी ठरवून केलं आणि मला वरवर शपथ घातली, असा मी हिशेब जुळवला.

मग मला दिवस गेले. न्हाणीपाशी ओकताना तुम्ही बघितलंत. कोणाचं, कधी, काही विचारलं नाहीत. "कोनाला बोलू नको," एवढंच. त्यातूनही मी हेच घेतलं, की विचारायला काही नाहीच, ठाऊकच आहे. दुसऱ्या सकाळी तुम्ही माझ्यापुढे पितळी ठेवली. दुधात काहीतरी उकळलेलं, वर गूळ. "पी." काय आहे विचारलं तर, "पी म्हनलं ना." मी पीत असताना तुम्ही उभ्या राहायचात, पितळी रिकामी होईपर्यंत हलायचा नाहीत.

आठवडा गेला असेल. शेजारच्या काकू राख मागायला आल्या. तुम्ही मळ्यात होता. काकूंनी मला वरून खाली पाहिलं, मग परसाच्या टोकाला बोट केलं. शेराच्या झाडांच्या कुंपणाला लागून काही झुडपं होती, पांढऱ्या फुलांची, चिकट. जवळून गेलं की फुलं लुगड्याला धरायची.

"ती काय हाय म्हाईत हाय का, सूनबाई?"

"नाही."

"चितरक म्हनत्यात. सुजंवर लावायला चांगला. आनिक कशाला बी चांगला." त्या हसल्या. "तुझी सासू काय देती ग सकाळी? रोज दूध प्यायला देनारी सासू मी तर बघितली न्हाई."

त्यांनी राखेचं टोपलं काखेत घेतलं आणि आवाज खाली आणला. "लेक हद्दीपल्याड, आन सुनेचं पोट वर येनार. जमादाराला आकल न्हाई असं वाटतंय का? पोट दिसलं की लेक येऊन गेला, हे कळनार. मग मळा झोडपनार, वाटा धरनार. आईला लेक आधी असतो, बाई. मग सून, मग सुनेचं."

काकू निघून गेल्या आणि मला तुमची सगळी रीत एकदम समजली असं वाटलं. नाव का सांगत नाही. समोर का उभ्या राहता. कोणाला बोलू नको का म्हणालात. त्याच दुपारी माझ्या घशाशी आग उठली. पोटुशी बाईला जळजळ होते, हे आज मी कोणालाही सांगेन. त्या दिवशी मला ती पोट पाडणाऱ्या चित्रकाच्या मुळीची आग वाटली. माझ्या पोटातलं मूल तुमच्या मुलाच्या जिवावर उठलं होतं, आणि तुम्ही दोघांतलं एक निवडलं होतं, असं मी धरून चालले.

दुसऱ्या सकाळी मी पितळीला हात लावला नाही. म्हटलं, "आधी तुम्ही घ्या." कुठल्या सुनेनं सासूला असं म्हणावं. तुम्ही एक क्षण माझ्याकडे पाहिलंत, पितळी उचललीत, अर्धी प्यायलात, लुगड्यानं तोंड पुसलंत. "आता पी." मी प्याले. पण रात्री पडल्यापडल्या मनात आलं, तुम्ही प्यायल्यानं काय सिद्ध झालं? चित्रकानं तुमचं काय जाणार होतं? ज्याला जायचं ते माझ्यात होतं. तिथून पुढे मी कधी पीत असे, कधी तुम्ही वळलात की चुलीमागच्या राखेत ओतत असे. आणि रोज कुठल्यातरी निमित्तानं कुंपणापाशी जाऊन बघत असे, एखादं झुडूप हललंय का, माती उकरलीय का. पाटाकडच्या वेलाकडे मी बघितलंही नाही. तिथे रोज थोडं उकरलेलं असायचं.

चैत्रात एका सकाळी कुंपणालगत खड्डे. एक नाही, सगळी झुडपं मुळासकट गेलेली. लुगड्याला धरायला एक फूल उरलेलं नव्हतं. आता घरात इतकी मुळी आहे की गावभर पुरेल, एवढंच सुचलं. मी घरात आले आणि तुमच्यासमोर, तुमच्याकडे बघत, पितळी उपडी केली. दूध जमिनीवर पसरलं. तुम्ही ओरडला नाहीत. माझा दंड धरलात आणि ओढत उकिरड्यापाशी नेलंत. शेणात, काट्याकुट्यांत, चित्रक पडलेला होता, मुळ्या काळ्या पडून कुजायला लागलेल्या.

"बघ. हात घालून बघ, किती हायेत."

मी हात घातला नाही.

"तुझ्या हाताला लागू नये म्हनून उपटली. शेजारीन येऊन गेली, तवाच म्हनलं, हिला आता ठाव झालं." तुम्हाला दम लागला होता. "लाजंनं बाई काय बी करती. तू कुंपनाकडं जायलीस, वाकून बघायलीस, मला दिसत न्हाई व्हय? आमी काय आंधळे हाव?"

म्हणजे मी तुमच्यावर पाळत ठेवून होते आणि तुम्ही माझ्यावर. पितळी रिकामी होईपर्यंत तुम्ही उभ्या राहायचात, ते मी मूल टिकवायचं औषध टाकून देईन म्हणून. एकाच चुलीपुढे बसून दोघी एकाच गोष्टीला भीत होतो आणि एकमेकींना चोर समजत होतो. घरी येऊन तुम्ही पुन्हा दूध तापवलंत. मी प्याले. खरं सांगायचं तर तेव्हाही मनात आलंच, सगळ्या मुळ्या उकिरड्यावर गेल्या कशावरून, एखादी ठेवली असेल. संशय म्हणजे कुंपणाचा शेर, कापला तरी कांडं जिथं पडेल तिथं रुजतं.

पेरण्या आटोपल्या आणि पोट लुगड्यात मावेना. जमादारानं दोघींना चावडीवर बोलावलं. पाटील, दोनचार म्हातारे, रिकामे लोक, काकूंचा मुलगा, सगळे होते. जमादार माझ्याकडे बघत नव्हता, तुमच्याकडे बघत होता. "अम्मा, तुमारा लडका आया था ना? अब तो झूट नक्को बोलो. सामने दिखरा."

मला वाटलं, आता तुम्ही काय सांगणार, काही सांगण्यासारखं उरलंच नाही. आणि तुम्ही डोक्यावरचा पदर नीट केलात आणि म्हणालात, "मालक, तुमीच म्हनता लेक हद्दीपल्याड हाय. माझ्या वट्यावर त्यानं दिवाळीपासनं पाय ठिवला न्हाई. मग सुनंच्या पोटाचं मला काय इचारता? तिला इचारा. न्हाई तर गावाला इचारा."

कोणीतरी मागे हसलं. पाटलानं खाली बघितलं. जमादारानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, आणि तो चांगला माणूस असावा, कारण लगेच नजर काढली. मला कोणी काही विचारलं नाही. माझी मान खाली गेली ती मी घातली नव्हती, आपोआप गेली, आणि त्या खाली गेलेल्या मानेनं तुमचं बोलणं खरं झालं. त्या दिवसानंतर गस्त आपल्या घरी आली नाही. मळा कोणी झोडपला नाही, वाटा कोणी धरल्या नाहीत. तुमचा लेक वाचला आणि पोटातलंही वाचलं. विहिरीवर बायका मात्र माझी घागर खाली ठेवली की आपापल्या घागरी पलीकडे सरकवू लागल्या. काकूंनी राख मागायला येणं बंद केलं. घरी आल्यावर तुम्ही दुधात गूळ जास्त घातलात, एवढाच फरक. चावडीवरच्या त्या बोलण्याला मी कित्येक वर्षं तुमची हुशारी म्हणत आले. मी स्वतः शब्दांवर पोट भरते. तयार करून आणलेलं वाक्य आणि तोंडातून निसटलेलं वाक्य, यांतला फरक मला ओळखू येतो असा माझा समज आहे. ते वाक्य घोटलेलं होतं.

पोलीस ॲक्शन झाली त्या धामधुमीत मुलगी झाली. दूध उतरलं ते इतकं, की सुईण म्हणाली, हिला कुणी काय दिलं होतं? तुम्ही सांगितलं नाहीत. राज्य गेलं, नाक्यावरची माणसं गेली, आणि काही दिवसांनी तुमचा मुलगा उजळ माथ्यानं वेशीतून आला. तुम्ही काथवटीत पीठ मळत होतात. पोरगी मांडीवर घेऊन तो मोठ्यानं, हसत म्हणाला, "माय, मी शाळवात येऊन गेलो व्हतो. तुला सांगितलं न्हाई."

तुमचे हात पिठात थांबले.

मी समोर बसले होते, मी ते बघितलं. फार वेळ नाही, पिठाला पाणी लावायला माणूस थांबतं तेवढाच. पण पाण्याचा तांब्या लांब होता. मग तुम्ही पुन्हा मळायला लागलात आणि म्हणालात, "जेव आता. गार व्हायलंय."

तो चावडीवर जाऊन सांगून आला. लोक म्हणाले, आता म्हणणारच. भीती गेल्यावर बोललेल्या खऱ्याला गावात किंमत नसते. पोरगी मोठी होत गेली, तोंडवळा बापावर गेला, तेव्हा एकेक जण गप्प झाला. तुम्ही त्या वर्षांत चावडीवरचा विषय कधी काढला नाहीत, मीही नाही. तुमची शुद्ध हरपली तेव्हा मी उशाशी होते. तोवर विचारायचं धाडस गोळा झालं नव्हतं, आणि झालं तेव्हा ऐकणारं कोणी नव्हतं.

आत्याबाई, मला आज विचारायचं आहे ते हे. तुम्हाला ठाऊक होतं का? ठाऊक असलं, तर तुम्ही लेक वाचवण्यासाठी माझं नाव गावापुढे टाकलंत, आणि मला आधी सांगितलंही नाहीत. पण मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही नाही. उकिरड्यापाशी तुम्ही 'भीतीनं बाई काय बी करती' म्हणाला नाहीत, 'लाजंनं' म्हणालात. म्हणजे चावडीवर तुम्ही जे बोललात, ते कदाचित तुम्हाला खरंच वाटत होतं. सून चुकली, पोट कोणाचं ते देव जाणे, असं मनात धरून तुम्ही रोज आदल्या संध्याकाळी वेलाला आवतण देत होता, मुळ्या सोलत होता, दूध उकळत होता, आणि ते परकं मूल टिकावं म्हणून माझ्यासमोर उभ्या राहत होता. अर्धी पितळी प्यायलात तीही तशीच.

मुलीला मी नेहमी सांगत आले, आजीला सगळं ठाऊक होतं, आजी फार हुशार. तिला ते आवडतं. हा कागद मी कोणाला दाखवणार नाही, आणि लेख शतावरीचाच देईन, लागवड आणि उपयोग, बाकी काही नाही. पण तुमच्यापुरतं कबूल करते. तुम्हाला ठाऊक नव्हतं, असं निघालं तर मला बरं वाटेल.